पिंजऱ्यातला पोपट सोडायचा, द्यायचा की ठेवायचा? सुटका आणि नवं घर, दोन्ही समजून घ्या

एक रील तुम्ही नक्की पाहिलं असेल. कुणीतरी पिंजऱ्याचं दार उघडतं, हिरवा पोपट क्षणभर थबकतो आणि भुर्रकन उडून जातो. मागे हळवं संगीत, खाली हजारो बदाम. व्हिडिओ तिथे संपतो. पोपटाचं पुढे काय झालं, ते त्यात नसतं.

दुसरी पोस्टही ओळखीची आहे. 'परदेशी जातोय, मकाव चांगल्या घरी द्यायचा आहे, पिंजऱ्यासकट.' खाली 'इंटरेस्टेड' लिहिणाऱ्यांची रांग. त्या पक्ष्याचं वय काय, तो खातो काय, त्याची कागदपत्रं आहेत का, हे विचारणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

दोन्ही ठिकाणी हेतू चांगला असतो, पण नुसत्या हेतूने पक्षी जगत नाही. पोपटाला खरंच वाचवायचं असेल तर आधी एकाच प्रश्नाचं उत्तर लागतं: हा पोपट कुठला? पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

थोडक्यात सांगायचं तर...

- भारतीय पोपट घरात ठेवणं, विकणं आणि विकत घेणं गुन्हा आहे. त्याची जागा वन विभागाच्या उपचार केंद्रात आणि जमलं तर पुन्हा आभाळात.
- परदेशी पोपट भारतात मोकळा सोडायचा नसतो. त्याला नवं घर शोधावं लागतं, तेही कागदपत्रांसह.
- दोन्ही प्रकारांत स्वतःच्या हाताने पिंजरा उघडून पक्षी उडवून देणं हा उपाय नाही.

आपल्याकडचा पोपट कुठला, हे कसं ओळखायचं?

भारतात पोपटांच्या साधारण १२ प्रजाती निसर्गात आढळतात. महाराष्ट्रात पिंजऱ्यात सर्वांत जास्त दिसतो तो आपला नेहमीचा राघू. हिरवं अंग, लाल बाकदार चोच, लांब शेपूट आणि नराच्या गळ्याभोवती काळं-गुलाबी कडं. मादीच्या गळ्यात हे ठळक कडं नसतं आणि नरालाही ते यायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे 'कडं नाही म्हणजे हा वेगळ्या जातीचा' हे विक्रेत्याचं म्हणणं खरं मानू नका.

दुसरा पोपट 'पहाडी' म्हणून विकला जातो. तो आकाराने मोठा, चोच जाडजूड आणि खांद्यावर तपकिरी-लाल डाग. हा अलेक्झांड्राइन पोपट. आययूसीएनच्या यादीत तो 'संकटाच्या उंबरठ्यावर' या गटात आहे आणि पाळण्यासाठी होणारी पकड हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. तिसरा म्हणजे जांभळ्या-गुलाबी डोक्याचा, पिवळसर चोचीचा तुईया. सह्याद्रीत निळसर पंखांचा आणखी एक पोपट राहतो. तो पश्चिम घाटाशिवाय जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही.

हे सगळे भारतीय, म्हणजेच वन्य पक्षी.

परदेशी पोपटांमध्ये बजरीगर आणि कॉकाटील ऑस्ट्रेलियातले. आपल्याकडे बजरीगरलाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि वेगळे. सन कोन्युर आणि मकाव दक्षिण व मध्य अमेरिकेच्या बाजूचे, आफ्रिकन ग्रे नावाप्रमाणे आफ्रिकेतला, तर काकाकुवा म्हणजे कोकाटू ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडचा.

एक गोंधळ इथे नेहमी होतो. निळ्या किंवा पिवळ्या रंगाचा 'रिंगनेक' दुकानात 'फॉरेन' म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात तो आपल्या राघूच्याच प्रजातीचा, फक्त निवडक पैदाशीतून आलेल्या वेगळ्या रंगाचा पक्षी असतो. रंग बदलला म्हणून प्रजाती बदलत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) कायदा आला १९७२ मध्ये. भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच बंदी आहे. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. नव्या रचनेत राघू अनुसूची २ मध्ये येतो. तो पकडणं, बाळगणं, विकणं, घेणं, सगळंच बेकायदा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

'आम्ही पकडला नाही, विकत आणला' किंवा 'पिल्लू झाडाखाली सापडलं, आम्ही वाढवलं' या कारणांनी मालकी मिळत नाही. असा वन्य प्राणी कायद्याने सरकारची मालमत्ता ठरतो.

कायदा कागदावरच आहे असं वाटत असेल तर चेन्नईचं उदाहरण पाहा. २०२३ च्या सुरुवातीला एका तमिळ विनोदी अभिनेत्याच्या घराची सफर घडवणारा व्हिडिओ यूट्यूबवर आला. त्यात दोन अलेक्झांड्राइन पोपट दिसले. वन विभागाने पक्षी ताब्यात घेतले आणि अडीच लाख रुपयांचा दंड झाला. हौसेने टाकलेला व्हिडिओच पुरावा ठरला.

परदेशी पोपटांचा हिशेब वेगळा आहे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटीस' कराराच्या याद्यांमध्ये जवळपास सगळे पोपट आहेत. आफ्रिकन ग्रे तर २०१७ पासून सर्वांत कडक यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसमधल्या प्राण्यांसाठी भारतीय कायद्यात अनुसूची ४ आली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. अशा पक्ष्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते आणि पक्षी नव्याने हाती आला तर त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. मालक बदलला, पिल्लं झाली किंवा पक्षी मेला तरी कळवावं लागतं.

बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड हे सायटीसच्या यादीबाहेर आहेत, म्हणून त्यांना ही नोंदणी लागू होत नाही. गंमत म्हणजे आपला राघूही सायटीसच्या यादीत नाही. काही विक्रेते त्याचाच आधार घेऊन 'हा चालतो' असं सांगतात. पण भारतात राघूला संरक्षण मिळतं ते अनुसूची २ मुळे, सायटीसमुळे नाही. त्यामुळे तो चालत नाही.

हे पोपट बाजारात येतात कुठून?

राघू झाडाच्या ढोलीत घरटं करतो. विणीचा काळ साधारण डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. मादी तीन ते पाच अंडी घालते, सुमारे तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढचे सहा-सात आठवडे ती ढोलीतच असतात. नेमकी याच काळात ती काढली जातात. कधी ढोलीचं तोंड मोठं करून, तर कधी फांदीच तोडून. म्हणजे एका पिल्लासोबत ते घरटंही जातं आणि पुढच्या वर्षीची जागाही.

वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेच्या २०२१ च्या माहितीनुसार, भारतातल्या १२ पैकी ८ प्रजातींचे पोपट बेकायदा बाजारात नियमित सापडतात. पिल्लं टोपल्यांत, पिशव्यांत, खोक्यांत कोंबून नेली जातात. बरीचशी वाटेतच मरतात. दुकानात दिसणारा एक पोपट हा त्या प्रवासातून वाचलेला असतो.

२०१९ मध्ये दिल्ली विमानतळावर ताश्कंदला निघालेल्या एका प्रवाशाकडे बुटांच्या खोक्यांत १३ जिवंत पोपट सापडले. ते थेट पतियाळा हाउस न्यायालयात हजर करण्यात आले. न्यायालयाने त्यांना ओखला पक्षी अभयारण्यात सोडण्याचा आदेश दिला. 'कोर्टात पोपटांची पेशी' म्हणून ती बातमी देशभर गाजली. पण आपले पोपट देशाबाहेरही चोरून नेले जातात, हे त्यातून पुन्हा समोर आलं.

मग दार उघडून सोडून दिला तर काय होतं?

वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या छातीचे, म्हणजे उडण्याचे स्नायू कमजोर झालेले असतात. अनेकांचे पंख कापलेले असतात. असा पक्षी जोर करून शंभर-दोनशे फूट जातो आणि एखाद्या गच्चीवर, विजेच्या तारेवर किंवा रस्त्यावर उतरतो. तिथे कावळे, मांजरं, घारी आणि कुत्री असतात.

तो वाचला तरी अन्नाचा प्रश्न राहतो. रानातला पोपट वडा-उंबराची फळं, जांभूळ, बाभळीच्या शेंगा, ज्वारीची कणसं कुठे आणि कधी मिळतात हे थव्यासोबत शिकतो. घरातल्या पोपटाने फक्त वाटी पाहिलेली असते. भूक लागली की तो माणसाकडे जातो, आणि प्रत्येक माणूस त्याला परत सोडणारा नसतो. बरेच 'मुक्त' पोपट दोन दिवसांत दुसऱ्या पिंजऱ्यात जातात.

रोगाचा धोका तिसरा. बंदिस्त पक्ष्यातला संसर्ग रानातल्या थव्यात जाऊ शकतो.

घरात आधीपासून राघू आहे. काय करायचं?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या हजारो घरांचा आहे. आजीने आणलेला, दहा-बारा वर्षं 'विठू विठू' म्हणणारा, घरातलाच एक होऊन गेलेला पोपट. त्याला कुणाच्या ताब्यात देणं सोपं नसतं.

पहिलं पाऊल म्हणजे वन विभागाशी संपर्क. महाराष्ट्रात 'हॅलो फॉरेस्ट' ही हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातही जाता येतं. वन विभागासोबत काम करणाऱ्या संस्थाही असतात. पुण्यात बावधनचं उपचार केंद्र वन विभाग आणि 'रेस्क्यू' संस्था मिळून चालवतात. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

'आमच्यावर केस होईल का?' ही भीती खरी आहे. स्वतःहून दिला म्हणून आपोआप माफी मिळेल, असं कायदा म्हणत नाही. पण पोपट ठेवत राहणं म्हणजे तोच गुन्हा पुढे चालू ठेवणं. घाबरून रात्री गच्चीवरून उडवून देणं हे पक्ष्यासाठी सर्वांत वाईट. पक्षी जमा करताना लेखी पोच मागा आणि तो किती वर्षं घरी होता, काय खात होता, आजारी पडला होता का, हे खरं-खरं सांगा. पुढचे उपचार त्या माहितीवर ठरतात.

जमा करेपर्यंत त्याचे पंख कापू नका आणि जुन्या सवयीचं खाणं एकदम बंद करू नका. त्याला कुणाला विकू किंवा भेट देऊ नका. राघूचं 'नवं घर शोधणं' हाही कायद्याने गुन्हाच ठरतो.

उपचार केंद्रात नेमकं काय होतं?

आल्यावर पक्षी काही काळ वेगळा ठेवला जातो, म्हणजे त्याचा आजार इतरांना लागू नये. वजन, पिसं, चोच, नखं, विष्ठा तपासली जाते. पिंजऱ्यातल्या पोपटांमध्ये कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता, वाढलेली चोच आणि स्वतःचीच पिसं उपटण्याची सवय वारंवार दिसते.

कापलेली उड्डाणाची पिसं पुढच्या पीसगळीत नव्याने येतात. त्याला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. काही केंद्रांत गळलेली चांगली पिसं कापलेल्या पिसांच्या बुडख्यांना जोडण्याचं तंत्र वापरतात. मग पक्षी मोठ्या जाळीच्या दालनात जातो. तिथे तो रोज थोडा थोडा उडतो आणि आपल्याच जातीच्या पक्ष्यांसोबत राहायला शिकतो. वाटीऐवजी फांदीवरचं फळ सोलून खायला शिकतो. माणसाचा वावर मुद्दाम कमी ठेवला जातो. माणूस दिसल्यावर पक्षी दूर पळाला, तर ती प्रगतीची खूण.

सोडतानाही एकदम हाकलून देत नाहीत. जिथे त्याच जातीचे थवे आहेत अशा ठिकाणी दालनाचं दार उघडं ठेवतात आणि काही दिवस बाहेर अन्न ठेवतात. पक्षी जातो, परत येतो, पुन्हा जातो. हळूहळू येणं बंद होतं.

प्रत्येक पोपट या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही. कायमचा मोडलेला पंख, दृष्टी गेलेली, किंवा अगदी पिल्लू असल्यापासून माणसाने वाढवल्यामुळे स्वतःला माणसातलाच समजणारा पक्षी. असे पोपट आयुष्यभर केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयात, इतर पोपटांसोबत मोठ्या दालनात राहतात. त्यांच्यासाठी तेवढं मोठं दालन आणि सोबत हीच सुटका.

परदेशी पोपट सोडून का द्यायचा नाही?

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावरचा बजरीगर मुंबईच्या पावसाळ्यात सोडला तर बहुतेक वेळा काही दिवसांत मरतो. आणि समजा टिकला, तर दुसरी अडचण उभी राहते. याचं जगप्रसिद्ध उदाहरण आपल्याच राघूचं आहे. पाळण्यासाठी नेलेले आणि निसटलेले किंवा सोडलेले राघू इंग्लंडमध्ये १९७० च्या सुमारास रानात वीण करू लागले. आज लंडनच्या बागांमध्ये त्यांचे मोठे थवे आहेत. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने पहिली जोडी सोडली, अशी दंतकथा तिथे चालते. २०१९ च्या एका अभ्यासाला तिच्यात तथ्य आढळलं नाही. पण ढोलीत राहणाऱ्या तिथल्या पक्ष्यांना नवा स्पर्धक मिळाला, ही चिंता खरी आहे.

भारतात उलटं झालं, तर ढोलीसाठी झगडावं लागेल आपल्या राघूला, तांबटाला, मैनेला.

लोकांना हे पक्षी नकोसे का होतात?

मुख्य कारण आयुष्य. घेताना कुणी हा हिशेब करत नाही. चांगल्या देखभालीत अंदाजे आयुष्य असं:

- बजरीगर: ५ ते १० वर्षं
- लव्हबर्ड: १० ते १५ वर्षं
- कॉकाटील: १५ ते २० वर्षं
- सन कोन्युर: २० वर्षं किंवा जास्त
- आफ्रिकन ग्रे: ४० ते ६० वर्षं
- मोठा मकाव: ५० वर्षं किंवा जास्त

म्हणजे चाळिशीत घेतलेला मकाव मालकाच्या मागेही जगू शकतो. मृत्युपत्रात त्याचं नाव लागायला हवं, हा विनोद नाही.

दुसरं कारण आवाज. पोपट रानात मैलभर पसरलेल्या थव्याशी बोलतो. तोच आवाज टू-बीएचकेमध्ये घुमतो. २०२२ मध्ये पुण्यात शेजाऱ्याच्या पोपटाच्या ओरडण्याचा त्रास होतो म्हणून एका ज्येष्ठ नागरिकाने पोलिसांत तक्रार केल्याची बातमी व्हायरल झाली होती. लोक हसले, पण असं ओरडणं अनेकदा एकटेपणातूनही येतं.

तिसरं कारण वयात येणं. गोड पिल्लू दोन-चार वर्षांनी चावू लागतं, एकाच माणसाला धरून राहतं, बाकीच्यांवर धावून जातं. 'बिघडला' असं म्हणून तो बाल्कनीत जातो आणि तिथून जाहिरातीत.

आफ्रिकन ग्रेची बुद्धी किती, हे अमेरिकेतल्या संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी ॲलेक्स नावाच्या पोपटावर तीस वर्षं काम करून दाखवलं. १९७७ मध्ये त्यांनी तो आणला, २००७ मध्ये तो गेला. रंग, आकार, वस्तू आणि छोट्या संख्या तो ओळखून सांगायचा. एवढं डोकं असलेला जीव दिवसभर रिकाम्या पिंजऱ्यात बसला तर पिसं उपटणार, यात नवल नाही.

नवं घर शोधताना देणाऱ्याने काय पाहावं?

- पक्ष्यांच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या आणि अहवाल नव्या मालकाला द्या. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना पक्ष्यांचा अनुभव नसतो, तो आधी विचारा. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात पक्ष्यांवर उपचार होतात.
- दोष लपवू नका. चावतो, ओरडतो, पुरुषांना घाबरतो, जे असेल ते सांगा. लपवलेला दोष म्हणजे तीन महिन्यांत तिसरं घर.
- घर प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर पाहा. पिंजरा कुठे असेल, दिवसभर घरी कोण असतं, मांजर आहे का?
- सगळं 'फुकट' घेऊन लगेच न्यायची घाई करणाऱ्यापासून सावध. असे पक्षी पैदाशीसाठी किंवा पुन्हा विकण्यासाठी जातात.
- जोडी असेल तर तोडू नका.
- अनुसूची ४ मधला पक्षी असेल तर 'परिवेश'वर मालकी बदलाची नोंद केल्याशिवाय पक्षी देऊ नका.

आणि घेणाऱ्याने?

आधी कागद पाहा. कागद नसलेला आफ्रिकन ग्रे 'वाचवला' या भावनेने पैसे देऊन घेतला तर विक्रेता त्या पैशांत दुसरा आणतो. दयेपोटी केलेली खरेदीही खरेदीच असते.

घरी दुसरे पक्षी असतील तर नव्या पाहुण्याला किमान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. पोपटांपासून माणसाला सिटाकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला ही त्याची लक्षणं. तसं झालं तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेत ओळखला तर तो औषधांनी बरा होतो.

पिंजऱ्यात पक्ष्याला दोन्ही पंख पूर्ण पसरता आलेच पाहिजेत. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. गुळगुळीत प्लास्टिकच्या दांडीऐवजी वेगवेगळ्या जाडीच्या पेरू, आंबा, कडुनिंबाच्या फांद्या लावा. रोज १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवी. टीव्हीशेजारचा पिंजरा म्हणजे पक्ष्याची झोपमोड.

नव्या घरात पहिले काही दिवस त्याला हात लावायला जाऊ नका. जवळ बसा, हळू बोला, आवडता खाऊ द्या. हातावर यायला एका पक्ष्याला आठवडा लागतो, तर दुसऱ्याला वर्ष.

काय खायला द्यायचं, काय नाही?

'पोपट म्हणजे मिरची आणि भिजवलेली डाळ' हे आपल्याकडचं सूत्र. मिरची चालते. पक्ष्यांना तिचा तिखटपणा आपल्यासारखा जाणवतच नाही. पण फक्त मिरची-डाळ किंवा फक्त सूर्यफुलाच्या बिया यांवर पोपट हळूहळू आजारी पडतो. बियांत चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व नगण्य.

पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पानं, मोड आलेली कडधान्यं, ज्वारी-बाजरीची कणसं, थोडी फळं आणि पोपटांसाठीच्या गोळ्यांचं तयार खाद्य असा मिश्र आहार हवा. बदल आठवड्या-आठवड्याने करा.

ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि खारे पदार्थ देऊ नका. चहात बुडवलेलं बिस्किट हा लाड नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो. म्हणून स्वयंपाकघरात पिंजरा नको. अगरबत्ती, रूम फ्रेशनर आणि सिगारेटचा धूरही लांब ठेवा.

पक्षी आजार लपवतो. पिसं फुलवून बसणं, शेपूट श्वासाबरोबर हलणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, खाणं सोडणं, यांपैकी काही दिसलं तर 'उद्या बघू' म्हणू नका.

रस्त्यात जखमी पोपट किंवा पिल्लू सापडलं तर?

संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेले आणि उन्हाळ्यात ग्लानी येऊन पडलेले पक्षी जास्त सापडतात. अशा वेळी:

- टॉवेल टाकून अलगद उचला. चोच जोरात चावते.
- भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड घालून ठेवा. अंधार आणि शांतता हाच पहिला उपचार.
- तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. दूध अजिबात नको.
- मांजा ओढू नका. लांबून कापा, गुंतलेला भाग डॉक्टरला काढू द्या.
- १९२६ वर फोन करा. फोटोसेशन नंतरही करू नका.

पिल्लाला पिसं आली असतील, ते धडधाकट असेल आणि आई-बाप जवळ ओरडत असतील तर ते उडायला शिकत असण्याची शक्यता आहे. उंच फांदीवर ठेवून लांबून लक्ष ठेवा. पिसं नसलेलं पिल्लू असेल आणि ढोली हाताशी असेल तर परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे.

पोपट आवडतात, मग करायचं काय?

राघू शहरातही राहतो. त्याला हवी असतात जुनी, ढोल्या असलेली झाडं. सोसायटीतलं वाळकं खोड धोकादायक नसेल तर उभं राहू द्या आणि छाटणी विणीच्या काळात करू नका. छाटण्याआधी ढोलीत कुणी आहे का, ते पाहायला सांगा. परिसरात उंबर, जांभूळ, पेरू लावा.

बाजारात पिल्लं विकताना दिसली तर विकत घेऊन सोडू नका. ठिकाण आणि वेळ नोंदवून वन विभागाला कळवा. रस्त्यावरच्या ज्योतिषाच्या पिंजऱ्यातला पोपटही याच कायद्याखाली येतो.

आणि पुढच्या वेळी पिंजरा उघडण्याचा तो व्हिडिओ समोर आला तर शेअर करण्याआधी कमेंटमध्ये एक प्रश्न विचारा: 'हा पोपट कुठला होता आणि वन विभागाला कळवलं होतं का?' उत्तर आलं नाही तरी तो प्रश्न दुसरं कुणीतरी वाचेल. कदाचित त्याच्या घरीही एक पिंजरा असेल.